वाणीची अमानत आणि बंद दार

सूरह अर-रहमानच्या पहिल्या चार आयती आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत आहेत. मानवाच्या निर्मितीचा उल्लेख होताच तेथे त्याला ‘बयान’ शिकविल्याचा उल्लेख येतो. सूर्य, चंद्र, आकाश, फळे आणि धान्य यांची गणना त्यानंतर होते. बयान म्हणजे मनातील आशय दुसऱ्यापर्यंत स्पष्टपणे पोहोचविण्याची शक्ती, असे भाष्यकार सांगतात. हा क्रम लक्षपूर्वक वाचणाऱ्यास एक गोष्ट उमगते. बोलण्याची शक्ती माणसाला कोणत्या राजाने, सरकारने किंवा कुटुंबप्रमुखाने दिलेली नाही. ती निर्मात्याची देणगी आहे, आणि प्रत्येक देणगीप्रमाणे तिचाही हिशेब त्याच्याच दरबारात द्यावयाचा आहे.

आज ही वाणी मोठ्या प्रमाणावर फोनच्या पडद्यावरून प्रवास करते. म्हणून या लेखात एक प्रश्न आपल्यापुढे ठेवीत आहे. इंटरनेट मिळणे हा माणसाचा हक्क आहे काय? आणि ते बंद करण्याचे कुलूप ज्यांच्या हाती आहे, मग ते प्रशासन असो वा घरातील वडील, त्यांच्यावर दीनने कोणती बंधने घातली आहेत?

प्रशासन आणि घर यांचा विचार येथे मुद्दाम एकत्र केला आहे. सरकारने इंटरनेट बंद केले की आपण त्याला अन्याय म्हणतो. घरात मुलीच्या हातातून फोन काढून घेतला की त्याच कृतीला आपण संस्कार म्हणतो. दोन्ही ठिकाणी दार बंद होते, म्हणून दोन्ही ठिकाणी कसोटीही एकच लावली पाहिजे.

खिडकी आता फोनमध्ये आहे

काही बुजुर्ग विचारतात, “आमची हयात इंटरनेटविना गेली, आमचे काय अडले?” प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी पूर्णेबाहेर जाण्याची गरज नाही.

पूर्वी शिधापत्रिकेवर रास्त भाव दुकानदार हाताने नोंद करीत असे. आज त्याच दुकानात यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो, आणि यंत्राला जाळे मिळाले नाही तर धान्य मिळत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरावा लागतो. पीकविम्याची नोंद, बोर्डाचा निकाल, रेल्वेचे आरक्षण, मजुरीचे पैसे खात्यात आले की नाही याची खातरजमा, हे सारे त्याच वाटेने होते. आखाती देशांत राबणारा बाप आपल्या लेकराचा चेहरा तेथूनच पाहतो. हजचा अर्जदेखील हज समितीकडे ऑनलाइनच जातो. जून २०२५ मध्ये ‘उमीद’ पोर्टल सुरू झाले आणि वक्फ मालमत्तांचे तपशील सहा महिन्यांत त्यावर चढविण्याचे बंधन आले, तेव्हा खेड्यापाड्यांतील मशिदींच्या आणि कब्रस्तानांच्या मुतवल्लींना जुने कागद घेऊन संगणकापुढे बसावे लागले. ज्याला ते जमत नव्हते, त्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागले.

तेव्हा बुजुर्गांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. त्यांच्या काळी तहसील कचेरीची खिडकी कचेरीत होती, आता ती फोनमध्ये आहे. ही खिडकी सामान्य माणसाने हलवली नाही, शासनाने हलवली. ज्याने जुनी खिडकी बंद करून नव्या खिडकीकडे बोट दाखविले, त्याच्यावर ती नवी खिडकी उघडी ठेवण्याची जबाबदारी येते. मग तो अडथळा कुलपाचा असो, गावात न पोहोचलेल्या जाळ्याचा असो, की घरात एकच फोन असून तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो, या गरिबीचा असो. करोनाच्या टाळेबंदीत शाळा फोनवर आली तेव्हा हा शेवटचा अडथळा आपण आपल्याच मोहल्ल्यात पाहिला आहे.

साधनाला उद्दिष्टाचा हुकूम

फिक्हच्या विद्यार्थ्याला आरंभीच एक नियम शिकविला जातो. साधनाला त्याच्या उद्दिष्टाचा हुकूम लागतो. जे कर्तव्य एखाद्या साधनाशिवाय पार पडूच शकत नाही, तेथे ते साधनही कर्तव्यात सामील होते. नमाज फर्ज आहे म्हणून वुजूसाठी पाणी शोधणे आवश्यक ठरते. जुमा फर्ज आहे म्हणून मशिदीकडे चालत जाणे आवश्यक ठरते. पाणी आणि रस्ता या स्वतः इबादती नव्हेत, पण त्या वाटेत कोणी अडथळा उभा केला तर तो इबादतीतला अडथळा होतो.

याच नियमाने इंटरनेटकडे पाहावे. ते स्वतः हलालही नाही आणि हरामही नाही. ते एक साधन आहे, वसीला आहे. त्यावरून कोणती कर्तव्ये पार पडतात, हे पाहिल्यावरच त्याचे मोल ठरते. इल्म मिळविणे, हलाल रोजी कमावणे, नातलगांशी संबंध राखणे ही कर्तव्ये तर आहेतच. यांच्या जोडीला एक चौथे कर्तव्य आहे, ज्याची चर्चा आपल्याकडे कमी होते. ते म्हणजे साक्ष देणे आणि फिर्याद मांडणे.

सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतीत श्रद्धावंतांना न्यायावर ठाम उभे राहण्याची आज्ञा आहे. साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध जात असली तरी ती द्यावयाची आहे. सूरह अल-बकराच्या २८३ व्या आयतीत साक्ष लपविणाऱ्याच्या हृदयाला दोषी ठरविले आहे. आधुनिक राज्यघटना अभिव्यक्तीला स्वातंत्र्य म्हणते. कुरआन तिला त्याही पुढे नेऊन जबाबदारी ठरवितो. ज्याला स्वातंत्र्य आहे तो इच्छेनुसार गप्पही बसू शकतो, परंतु ज्याच्यावर साक्षीची जबाबदारी आहे त्याला गप्प बसण्याची सवलत नाही. अशा माणसाचे तोंड बंद करणारा त्याचा हक्क तर हिरावतोच, शिवाय त्याला त्याच्या कर्तव्यापासूनही रोखतो.

आणि फिर्यादीचे काय? सूरह अल-मुजादिलाचा आरंभ आठवा. हजरत खौला बिन्ते सअलबा (रजि.) या आपल्या पतीच्या वागणुकीची तक्रार घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या आणि आपले म्हणणे त्यांनी पुनःपुन्हा मांडले. ना त्या सरदारकन्या होत्या, ना श्रीमंत. तरीही त्यांची तक्रार अल्लाहने ऐकली, आणि त्याचा उल्लेख कयामतपर्यंत पठन होणाऱ्या ग्रंथात राहिला. पुढे खलीफा असताना हजरत उमर (रजि.) रस्त्यात याच वृद्धेचे बोलणे ऐकत दीर्घकाळ उभे राहिल्याचे रिवायतींत आले आहे. सोबत्यांनी विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, जिचे म्हणणे सात आकाशांवर ऐकले गेले तिचे उमरने ऐकू नये काय.

शासकाचे दार

हजरत उमर (रजि.) यांच्याच काळातील आणखी एक प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. कूफा येथे हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी आपल्या निवासाला दार बसविले. कारण गैर नव्हते, बाजाराच्या गोंगाटात बोलणे ऐकू येत नसे. परंतु फिर्यादी आणि शासक यांच्यामध्ये दार आल्याची वार्ता मदीनेस पोहोचताच खलीफांनी हजरत मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांना धाडले आणि ते दार जाळवून टाकले. सअद (रजि.) हे जन्नतची शुभवार्ता लाभलेल्या दहा सहाबांपैकी एक. त्यांच्या नियतीविषयी शंका नव्हती. तरीही दार राहू दिले नाही, कारण सज्जन शासकाचे बंद दारही गरजूसाठी बंदच असते.

तिर्मिजीतील एका रिवायतीनुसार हजरत अम्र बिन मुर्रा (रजि.) यांनी हजरत मुआविया (रजि.) यांना प्रेषितांचा (स.) इशारा ऐकविला. जो शासक गरजू आणि दुर्बलांसाठी आपले दार बंद करतो, त्याच्या स्वतःच्या गरजेच्या वेळी आकाशाची दारे बंद होतात, असा त्याचा आशय आहे. हे ऐकून हजरत मुआविया (रजि.) यांनी लोकांच्या गरजा ऐकण्यासाठी एक माणूस नेमला.

आज जिल्ह्याचे इंटरनेट बंद होते तेव्हा हेच दार बंद होते, फक्त एकाच वेळी लाखो लोकांसाठी.

बंदीचे अनुभव आणि न्यायालयाचे म्हणणे

पूर्णा जंक्शनवरून एक रेल्वेमार्ग हिंगोली-वाशिमवरून अकोल्याला जातो. त्या अकोल्यात मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरील मजकुरावरून दंगल उसळली, एका माणसाचा जीव गेला आणि इंटरनेट बंद झाले. पुढच्याच महिन्यात कोल्हापुरात मोबाइलवरील स्टेटसवरून तणाव वाढला आणि तेथेही इंटरनेट बंद झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन मशिदीवर हल्ला झाला, एक तरुण मारला गेला, आणि बंदी सातारा जिल्ह्यावर आली. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात आपल्या शेजारच्या जालना आणि बीड जिल्ह्यांसह छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातही इंटरनेट काही तास बंद राहिले. बारावीच्या परीक्षा तेव्हा सुरू होत्या.

शेवटचे उदाहरण मुद्दाम दिले आहे. त्या दिवशी दार बंद झाले ते प्रामुख्याने आपल्या मराठा शेजाऱ्यांच्या आंदोलनामुळे. त्या वेळी आपण काय म्हणालो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. न्यायाची मागणी फक्त आपल्यावर वेळ आली की करावयाची असेल, तर ती सूरह अन-निसातील साक्ष नव्हे.

प्रशासनाची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. मध्यरात्री जमाव रस्त्यावर आहे, खोटी चित्रफीत हातोहात फिरते आहे, आणि जीव वाचवायचे आहेत. अशा अधिकाऱ्याची अडचण खोटी नाही. जीविताचे रक्षण हे शरीअतच्या पाच मूलभूत उद्दिष्टांपैकी एक आहे. फिक्हमध्ये याच विचाराला ‘सद्दे जराए’ म्हणतात, म्हणजे वाईटाकडे नेणारी वाट आधीच अडविणे.

परंतु या तत्त्वाला इमामांनी मोकाट सोडलेले नाही. तेराव्या शतकातील मालिकी फकीह इमाम अल-कराफी (रह.) यांनी अशा वाटांचे तीन प्रकार सांगितले. काही वाटा अडवाव्यात यावर सर्वांचे एकमत आहे, जसे लोकांच्या रहदारीच्या रस्त्यात विहीर खोदणे. काही वाटा अडवू नयेत यावरही सर्वांचे एकमत आहे, जसे पुढे कोणी दारू गाळील या भीतीने द्राक्षाची लागवडच बंद करणे. तिसऱ्या प्रकारात मतभेद आहेत. महाराष्ट्राच्या वाचकाला हे उदाहरण चटकन पटेल. नाशिकच्या द्राक्षांपासून वाइन तयार होते, म्हणून नाशिकच्या आणि सांगलीच्या बागा उपटाव्यात असे कोणत्याही मुफ्तीने म्हटलेले नाही. कारण त्याच द्राक्षावर हजारो घरांची चूल पेटते.

इंटरनेट विहिरीसारखे आहे की द्राक्षासारखे? एखादा विशिष्ट खोटा मजकूर, एखाद्याला ठार मारण्याची चिथावणी, ही रस्त्यात खोदलेली विहीर आहे. ती बुजवावी, आणि खोदणाऱ्याला पकडावे. पण संपूर्ण जिल्ह्याचे इंटरनेट ही द्राक्षाची बाग आहे.

येथे आणखी दोन नियम लागू होतात. पहिला असा की, निकडीने जी सवलत मिळते ती निकडीइतकीच असते. उपासमारीत जीव वाचविण्यासाठी निषिद्ध अन्न खाण्याची मुभा आहे, पोट भरण्याची नाही. दुसरा नियम कुरआनने पाच ठिकाणी सांगितला आहे, त्यापैकी एक सूरह अल-अनआमची १६४ वी आयत. कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे उचलणार नाही, असा तो नियम आहे. चार तरुणांच्या स्टेटससाठी लाखो माणसांची रोजी, औषध, परीक्षा आणि फिर्याद थांबविणे या नियमात बसते काय?

समाधानाची गोष्ट अशी की आपल्या देशाचे सर्वोच्च न्यायालय वेगळ्या वाटेने जवळजवळ याच ठिकाणी पोहोचले आहे. ऑगस्ट २०१९ पासून काश्मीरमध्ये इंटरनेट बंद होते. ‘अनुराधा भसीन विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की, इंटरनेटवरून होणारी अभिव्यक्ती आणि इंटरनेटवर चालणारा व्यवसाय यांना घटनेच्या अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे. बंदी अनिश्चित काळासाठी असू शकत नाही, ती धोक्याच्या प्रमाणातच असावी, आणि आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, म्हणजे नागरिक त्याला आव्हान देऊ शकेल. इंटरनेट मिळणे हाच मूलभूत हक्क आहे काय, या प्रश्नावर मात्र न्यायालयाने मत दिले नाही. त्यानंतर बंदीच्या एका आदेशाला कमाल १५ दिवसांची मर्यादा आली. असा आदेश गृह सचिवांच्या पातळीवरूनच निघावा आणि पुनर्विलोकन समितीने त्याची तपासणी करावी, ही तरतूद २०१७ पासूनच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनेही जुलै २०१६ च्या ठरावात लोकांचे इंटरनेट जाणूनबुजून तोडण्याचा निषेध केला आहे.

फिक्ह आणि कायदा यांतून मिळून तीन प्रश्नांची कसोटी तयार होते. धोका खरा आणि जवळचा आहे काय? बंदी केवळ धोक्याच्या जागेपुरती आणि माणसांपुरती आहे काय? तिचे कारण आणि मुदत उघडपणे सांगितली आहे काय? या तीन प्रश्नांना उत्तर देता येत नसेल, तर कुलूप लावणारा अधिकाराची मर्यादा ओलांडतो.

आणि परिणामाचा विचार करा. अफवा दार बंद होण्यापूर्वीच घरात शिरलेली असते, आणि पुढे ती तोंडातोंडी फिरत राहते. तिचा खुलासा मात्र दाराबाहेर अडकतो. “माझा मुलगा त्या रात्री गावातच नव्हता,” असे सांगणारी आई, जखमींची खरी यादी, शांततेचे आवाहन करणारे दोन्ही समाजांचे जाणते लोक, हे सारे त्याच कुलपाने मुके होतात.

आपल्याला बोचणारे बोलणे

आता स्वतःकडे वळू या. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर व्यवहार बंद होते. पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारला आणि तिच्या हिंदू मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली, तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. देशभर संताप उसळला. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. चर्चा करणे, मत मांडणे आणि हिंसेला चिथावणी देणे यांत न्यायालयाने भेद केला, आणि चिथावणीच्या पायरीवर पोहोचल्यावरच बोलणे रोखता येते असे सांगितले.

आपण त्या मुलींच्या बाजूने होतो, आणि ते योग्यच होते. परंतु प्रामाणिकपणे विचारा. प्रश्न आपल्या एखाद्या नेत्याविषयी, आपल्या एखाद्या रूढीविषयी असता, आणि विचारणारी मुलगी आपल्याच गल्लीतली असती, तर आपण काय केले असते?

कुरआनने याबाबत आपल्याला अंधारात ठेवलेले नाही. अल्लाहच्या आयतींची थट्टा चालली असेल तर त्या बैठकीतून उठून जावे, विषय बदलेपर्यंत तेथे बसू नये, असे सूरह अन-निसाच्या १४० व्या आयतीत सांगितले आहे. लक्षात घ्या, उठून जाण्यास सांगितले आहे, बैठकीवर चालून जाण्यास नव्हे. सूरह अल-अनआमच्या १०८ व्या आयतीत इतरांच्या दैवतांना शिवीगाळ करण्यास मनाई आहे. सूरह अल-हुजुरातच्या ११ व्या आयतीत एका समूहाने दुसऱ्याची टवाळी करण्यास मनाई आहे. शेजाऱ्याला डिवचण्यासाठीच स्टेटस ठेवणारा आपला तरुण या मनाया मोडतो. त्याच्या या कृतीने इतरांना त्याच्या समाजावर हात उचलण्याचा कोणताही अधिकार मिळत नाही, हे खरे. पण त्याच्याकडे सोपविलेली अमानत त्याने उधळली, हेही तितकेच खरे.

याच सूरहची सहावी आयत बातमी आली की पडताळून घेण्याची आज्ञा देते, नाही तर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा होईल आणि मागून पश्चात्ताप करावा लागेल, असे कारणही देते. सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेतील हदीसनुसार ऐकलेले सारे पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे. ‘आलेले पुढे पाठविले’ हा बचाव तेथे टिकणार नाही.

घरातले कुलूप

शेवटी त्या कुलपाकडे येऊ, ज्याची किल्ली आपल्याच खिशात आहे.

केरळमधील कोळिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरण्यास बंदी होती. बी.ए. इंग्रजीच्या एका विद्यार्थिनीने अभ्यासासाठी फोन लागतो म्हणून हा नियम नाकारला आणि तिला वसतिगृहातून काढण्यात आले. ती न्यायालयात गेली. मुलांच्या वसतिगृहात असे बंधन नाही, हाही तिचा एक मुद्दा होता. ‘फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निर्णय दिला की, इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि घटनेच्या अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. मुलीला वसतिगृहात परत घेण्याचा आदेश झाला. जो प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने काही महिन्यांनी अनिर्णित ठेवला, त्याचे उत्तर एका मुस्लिम मुलीच्या धिटाईमुळे केरळच्या न्यायालयाने आधीच दिले होते.

आपल्या घरांत काय घडते? दहावीनंतर मुलाला फोन मिळतो, त्याच वर्गातील मुलीला मिळत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी येणारा पासवर्ड भावाच्या फोनवर येतो आणि भाऊ पुण्यात असतो. अर्जाची मुदत टळते. मुलगी काही बोलत नाही, कारण बोलण्याचे साधनच तिच्या हाती नाही. काही घरांत फोन दिला जातो, पण रात्री तो गुपचूप उघडून वाचला जातो. दुसऱ्याच्या गोष्टी हेरण्यास सूरह अल-हुजुरातच्या १२ व्या आयतीत मनाई आहे, आणि घराच्या उंबरठ्याशी ती मनाई संपते असे कोठेही म्हटलेले नाही.

आईबापांची चिंता मी हलकी लेखत नाही. फोनमधून फसवणूक येते, अश्लीलता येते, अनोळखी माणसे येतात. प्रत्येक जण आपल्या आधिपत्याखालील लोकांविषयी उत्तरदायी आहे, ही हदीस बापाला लागू आहेच. लहान मुलांसाठी मर्यादा घालणे हे त्याचे कर्तव्य आहे. परंतु त्याच हदीसमुळे त्याला कसोटीही लागू होते, आणि ती आपण शासनाला लावली तीच आहे. धोका खरा आहे की केवळ मोहल्ला काय म्हणेल याचे भय आहे? बंदी धोक्यापुरती आहे की मुलीचे सारे जगच बंद केले आहे? कारण आणि मुदत तिला सांगितली आहे काय, आणि तिचे म्हणणे ऐकले आहे काय?

आणखी एक प्रश्न केवळ घरासाठी आहे. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एका मुलाला भेट दिली आणि त्यावर साक्षीदार राहण्याची विनंती प्रेषितांना (स.) केली. सर्व अपत्यांना असेच दिले आहे काय, अशी त्यांनी विचारणा केली. उत्तर नकारार्थी येताच त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला आणि अपत्यांत न्याय करण्यास सांगितले. मुलाच्या हाती फोन आणि मुलीच्या हाती कुलूप, या वाटणीवर आपण कोणाला साक्षीदार ठेवणार आहोत?

करावयाची कामे

विचार कृतीत उतरला नाही तर तो ओझे होतो. म्हणून काही साध्या गोष्टी सुचवितो. प्रत्येक मशीद समितीने जुमाच्या नमाजनंतर तासभर अर्ज भरण्याच्या मदतीसाठी दोन जाणकार तरुण बसवावेत. मदरशात किंवा मोहल्ल्यातील ग्रंथालयात एक सामायिक संगणक ठेवावा आणि मुलींसाठी स्वतंत्र वेळ राखावी. ही सोय केवळ आपल्या मोहल्ल्यापुरती न ठेवता शेजारच्या वस्तीलाही खुली करावी. इंटरनेट बंद झाले तर डॉक्टर, रुग्णवाहिका, पोलीस ठाणे आणि दोन्ही समाजांतील जबाबदार माणसांचे क्रमांक कागदावर लिहून घरात लावलेले असावेत. बंदी आलीच तर तिचा प्रसिद्ध झालेला आदेश कोठे आहे, त्यात कारण आणि मुदत दिली आहे काय, हे विनयाने पण लेखी विचारावे. असे विचारणे हा राजद्रोह नव्हे, न्यायालयाने दिलेला अधिकार आहे. आणि रात्री फोन बाजूला ठेवताना, दिवसभरात आपण पुढे पाठविलेल्या गोष्टींपैकी किती पडताळून पाहिल्या होत्या, याची मनाशी मोजदाद करावी.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. इंटरनेट हे साधन आहे, आणि साधने काळाबरोबर बदलतात. उद्या दुसरे काही येईल. जे बदलत नाही ते हे की, अल्लाहने प्रत्येक मानवाला बयान दिले, त्याच्यावर साक्षीचे ओझे टाकले आणि फिर्यादीसाठी त्याला वाट दिली. आजच्या काळी ती वाट ज्या साधनावरून जाते, ते साधन मिळणे हा माणसाचा हक्क आहे, आणि ते रोखणाऱ्यावर उत्तर देण्याचे बंधन आहे. जालन्यात कुलूप लावणारा अधिकारी आणि पूर्णेत लेकीचा फोन कपाटात ठेवणारा बाप, दोघेही या बंधनातून सुटलेले नाहीत. पुढील महिन्यात मुलींच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असेल, तर कपाटाची किल्ली आजच शोधून ठेवा.

अल्लाह आपल्या वाणीला सत्य आणि संयम देवो, आपल्या शासकांना आणि आपल्याला न्यायाने दार उघडे ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.